सोफा कुरतडणारं पिल्लू आणि हिरडीखालचं काम

घरी कुणी नसताना कुत्र्याच्या पिल्लानं सोफ्याचा पाय सोलून ठेवला की बहुतेक घरांत निदान लगेच होतं: ‘एकटं सोडून गेलो ना, त्याचा राग काढलाय.’ पुरावा म्हणून त्याचे पडलेले कान, चोरटी नजर आणि पायांत घातलेली शेपूट दाखवली जाते. हा पुरावा न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये तपासून पाहिला. १४ कुत्री, समोर खाऊ, मालकाची ‘खायचं नाही’ अशी ताकीद आणि मालक खोलीबाहेर. तो परत आल्यावर कुत्र्यानं खाऊ खाल्ला की नाही हे त्याला कधी खरं सांगितलं, कधी खोटं. कुत्र्यानं खाऊ खाल्ला होता की नाही याचा त्या ‘अपराधी’ चेहऱ्याशी संबंध नव्हता. मालक रागावला की तो चेहरा दिसायचा, आणि काहीच न करता ओरडा खाणाऱ्या कुत्र्यांत जास्त ठळक दिसायचा.

तेव्हा सूड बाजूला ठेवू. ‘घराचा मालक कोण ते दाखवतोय’ हेही बाजूला ठेवू. ती ‘अल्फा’ची, म्हणजे कळपावर हुकूम गाजवणाऱ्या वरचढ प्राण्याची, कल्पना १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणांतून रुजली. रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पोरं, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं. तरी काही ट्रेनर मंडळी आजही पिल्लाला उताणं पाडून दाबून धरायला शिकवतात. त्यानं दात यायचे थांबत नाहीत, आणि फर्निचरचा प्रश्न सुरू होतो तो दातांपासूनच.

पिल्लाला दुधाचे दात २८ असतात आणि मोठ्या कुत्र्याला ४२. दुधाचे दात तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात येतात. साधारण साडेतीन-चार महिन्यांचं झालं की समोरचे बारीक दात पडू लागतात, मग सुळे आणि उपदाढा बदलतात आणि याच काळात दुधाच्या संचात मुळीच नसलेल्या दाढाही येतात. सात महिन्यांपर्यंत हे सगळं आटोपतं. म्हणजे तीन-साडेतीन महिन्यांत २८ दात जाऊन ४२ येतात. माणसाच्या मुलाला याच कामाला सहा-सात वर्षं लागतात.

आता नवा दात वर येतो म्हणजे नेमकं काय होतं? खालून दात ढकलत येतो आणि वरचं हाड, हिरडी फोडून बाहेर पडतो, असं आपण धरून चालतो. तसं होत नाही, हे दाखवणारे प्रयोग कुत्र्याच्या पिल्लांवरच झाले आहेत. जबड्याच्या हाडात तयार होत असलेल्या प्रत्येक दाताभोवती एक सैलसर पिशवी असते, तिला फॉलिकल म्हणतात. केहिल आणि मार्क्स या शरीररचनाशास्त्रज्ञांनी पिल्लांच्या खालच्या जबड्यातल्या उपदाढांभोवतीची ही पिशवी काढून टाकली. दात शाबूत होता, पण तो वर आला नाही. हे १९८० सालचं काम. १९८४ मध्ये त्यांनी उलट केलं: पिशवी ठेवली, आतला दात काढला आणि त्याच्या जागी त्याच आकाराची निर्जीव प्रतिकृती बसवली. ती प्रतिकृती वर आली! त्याआधी, १९६९ मध्ये केहिल यांनी दात तारेनं जबड्याला जखडून ठेवला होता. दात जागचा हलला नाही, तरी त्याच्या वरचं हाड विरघळून वाट मोकळी झाली.

म्हणजे वाट करते ती पिशवी, दात नुसता त्या वाटेनं येतो. पिशवीचा वरचा अर्धा भाग काही प्रथिनं सोडतो. त्यांच्या हाकेवर रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे जमतात. पिशवीतल्या पेशींच्या पृष्ठभागावर ‘रँक लिगँड’ नावाचा रेणू असतो. तो या पेशींवरच्या ‘रँक’ या ग्राहीला, म्हणजे त्याला धरणाऱ्या रेणूला, जोडला गेला की त्या एकमेकींत विलीन होऊन अनेक केंद्रकांची एक मोठी पेशी बनते. हीच ऑस्टिओक्लास्ट, म्हणजे हाड खाणारी पेशी. ती हाडाला घट्ट चिकटते, आपल्या खालच्या बंदिस्त जागेत आम्ल सोडते, खनिज विरघळवते आणि उरलेले तंतू विकरांनी (एन्झाइमांनी) तोडते. हा प्रकार हाताबाहेर जाऊ नये म्हणून ऑस्टिओप्रोटेजेरिन नावाचं एक आमिष-प्रथिनही असतं. ते रँक लिगँडला आधीच अडकवून ठेवतं, त्यामुळे कुठलं हाड खायचं आणि किती, हे या दोघांच्या प्रमाणावर ठरतं. पिशवीच्या खालच्या अर्ध्या भागात मात्र उलट काम चालतं, तिथे नवं हाड बांधलं जातं. वर खोदकाम, खाली भराव. वाटेत दुधाच्या दाताचं मूळ आलं तर तेही अशाच पेशी खाऊन टाकतात. घरात पिल्लाचा पडलेला दात सापडला तर तो तांदळाएवढा आणि बिनमुळाचा दिसतो, त्याचं कारण हेच. बहुतेक दात पिल्लू गिळूनच टाकतं. त्यानं काही बिघडत नाही.

इतकं सविस्तर सांगायचं कारण असं की चावल्यानं दात लवकर येत नाहीत आणि चावू दिलं नाही म्हणून अडतही नाहीत. मात्र हे काम चालू असताना हिरडी सुजते, ठणकते. दाबलं की बरं वाटतं, गार वस्तूनं आणखी बरं वाटतं. पिल्लू शोधत असतं तो हा दाब. सागवानी पाय, प्लायवूडची कड, वेताची खुर्ची, कोल्हापुरी चप्पल यांतलं काहीही त्याला चालतं.

गोची पुढे आहे. प्रत्येक वेळी लाकूड चावून ठणका कमी झाला की मेंदूच्या दृष्टीनं त्या कृतीचा पगार जागेवर चुकता झाला. तुम्ही खाऊ दिला काय, न दिला काय. चार ते सात महिन्यांच्या काळात जबड्याला कशाची सवय लागते यावर पुढचं ठरतं. हिरड्या शांत झाल्या तरी सवय राहते, आणि चावण्याची हौस तर मोठ्या जातींत वर्ष-दीड वर्षापर्यंत जोरात असते. म्हणून ‘दात आले की थांबेल’ हा भरवसा फसवा आहे, आणि ‘परत आल्यावर चांगला धडा शिकवला’ हाही. कृती आणि परिणाम यांत सेकंद-दोन सेकंदांपेक्षा जास्त अंतर पडलं की पिल्लू त्यांची सांगड घालत नाही. दुपारी दोनला चावलेल्या सोफ्याबद्दल संध्याकाळी सातला फटका बसला तर ते एवढंच शिकतं की तुम्ही दारातून आत येणं धोक्याचं आहे.

करायचं ते दोन बाजूंनी. पहिली बाजू म्हणजे नको त्या वस्तूकडून पगार बंद. लक्ष ठेवायला कुणी नसेल तेव्हा पिल्लू कुंपणात, म्हणजे साधारण चार बाय चार फुटांच्या घडीच्या जाळीत, पाणी, अंथरूण आणि चावायची वस्तू देऊन ठेवायचं. जितके महिने वय त्यात एक मिळवलं तर जास्तीत जास्त तेवढे तास ते लघवी रोखू शकतं, त्याहून जास्त वेळ कोंडू नये. सोफ्याच्या आणि टेबलाच्या पायांना प्लंबरकडची पीव्हीसी पाइप फूटभर कापून, उभी चिरून बसवली की काम भागतं. पाय दोन इंची असेल तर पाइप त्याहून थोडी मोठी घ्यावी. वायरी केसिंग पट्टीत घालाव्यात, चार्जर प्लगमध्ये लटकत ठेवू नये. २३० व्होल्टचा झटका बसून ओठांच्या कोपऱ्यात भाजलं असेल तर पिल्लू ठीक दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावं, कारण फुप्फुसांत पाणी साचायला काही तास लागू शकतात. आणि आधी मेन स्विच बंद, मग पिल्लाला हात.

कडू स्प्रेचा उपयोग होतो, पण लोक तो चुकीचा वापरतात. त्यात बहुधा डिनाटोनियम बेंझोएट असतं. हा अतिशय कडू पदार्थ १९५८ मध्ये स्कॉटलंडमध्ये भूल देणाऱ्या औषधांवर काम चालू असताना सापडला. नुसता फर्निचरवर मारला तर पिल्लू चावतं, थुंकतं आणि दुसरा पाय धरतं. आधी कापसाचा बोळा भिजवून त्याच्या ओठाला आतून लावावा, त्याला तोंड वाकडं करू द्यावं, बोळा हुंगू द्यावा आणि मग फर्निचरवर फवारावं. असा वास आणि कडूपणा जोडला गेला की ते दुरूनच टाळतं. रोज मारावा लागतो, दोन-तीन आठवडे. पॉलिशवर डाग पडतो का, ते आधी मागच्या बाजूला पाहावं. काही कुत्र्यांना कडूचं काहीच वाटत नाही, त्यांच्यावर पैसे घालवू नयेत. मिरचीपूड मात्र अजिबात नको. तिखट ही चव नाही, ती तोंडातल्या वेदनेच्या ग्राहींना झालेली भाजल्याची जाणीव आहे. पंज्यावरून ती डोळ्यात जाते आणि नुसत्या पाण्यानं धुऊन निघत नाही.

दुसरी बाजू म्हणजे पगार देणारी दुसरी जागा. आतून पोकळ रबरी खेळणं घ्यावं. ते इतकं मोठं हवं की मागच्या दाढांमागे जाऊ नये, आणि इतकं मऊ की अंगठ्याचं नख रुतावं. नख रुतत नाही ती वस्तू दात मोडू शकते. चांगल्या हेतूनं दिलेली मटणाची नळी, शिंग, खूर, बर्फाचे खडे या सगळ्यांना ही कसोटी लावून पाहा. नळीची चकती तर खालच्या सुळ्यांमागे अडकून बसते आणि ती कापून काढावी लागते. दुधाचा दात मोडून आतला गर उघडा पडला तर जंतू खालच्या नव्या दातापर्यंत पोहोचू शकतात.

पाच महिन्यांच्या, दहा किलोच्या पिल्लासाठी भरण असं: चार मोठे चमचे मऊ भात, एक चमचा घट्ट बिनसाखरेचं दही, अर्धं उकडलेलं अंडं कुस्करून. मीठ, कांदा, लसूण, मनुका नकोत. पीनट बटर घातलं तर त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो, कुत्र्यांना विषारी असलेला गोड पदार्थ) नाही हे डब्यावर वाचून. हे रोजच्या जेवणातून वजा करायचं. इथे चूक हमखास होते ती अशी की पहिल्याच दिवशी खेळणं दगडासारखं गोठवून देतात. पिल्लू दोनदा चाटतं, हाती काही लागत नाही, आणि ते सोफ्याकडे वळतं. पहिले तीन-चार दिवस सैल भरून तसंच द्यावं, मग तासभर फ्रिजमध्ये ठेवून, आणि ते निगुतीनं चाटून काढायला लागलं की फ्रीझरमध्ये चार-पाच तास. जाड अख्खं गाजर गार करून दिलं तरी चालतं, चकत्या मात्र नकोत, त्या घशात बसतात. जुनी चप्पल ‘ही तुझी’ म्हणून देऊ नये. जुनी कुठली आणि नवी कुठली हा फरक त्याला वासावरून करता येत नाही, दोन्हींना तुमच्याच पायांचा वास असतो.

तोंडातली वस्तू सोडायला शिकवणं हा वेगळा धडा आहे आणि तो चोरीच्या वेळी नाही, शांत वेळी शिकवायचा. पिल्लानं साधं खेळणं धरलं असताना वाटाण्याएवढा चिकनचा तुकडा नाकाजवळ न्या. तोंड उघडलं त्या क्षणी ‘शाब्बास’, तुकडा द्या आणि खेळणं परत करा. असं पाच-सहा वेळा, दिवसातून दोनदा. तीन-चार दिवसांनी तुकडा पुढे करण्याच्या अर्धा सेकंद आधी ‘सोड’ म्हणायला लागा. शब्द आणि तुकडा एकाच वेळी आले तर पिल्लू तुकड्याकडे बघतं, शब्द त्याच्या कानावरून जातो. खेळणं परत करणंही महत्त्वाचं. दर वेळी वस्तू हिसकावली गेली तर माणूस जवळ येताच ते पळतं, गुरगुरतं किंवा मोजा सरळ गिळून टाकतं.

या धड्यातून एक हुशार बिघाड निघतो. चप्पल उचलली की चिकन मिळतं, हे ओळखून पिल्लू चप्पल मुद्दाम आणून दाखवू लागतं. तसं झालं तर अदलाबदलीचा खाऊ साधा करा, बिस्किटाचा कण वगैरे, आणि ते आपणहून स्वतःचं खेळणं चावत बसलं असेल तेव्हा न बोलावता चांगला तुकडा समोर टाका. बहुतेक घरांत शहाण्यासारखं बसलेल्या पिल्लाकडे कुणी बघतच नाही.

झोपेकडेही बघा. या वयात दिवसाचे सोळा-अठरा तास झोप लागते. संध्याकाळी सात-आठला जे पिल्लू पिसाळल्यासारखं पडदे ओढतं ते बऱ्याचदा दमलेलं असतं. त्याला आणखी पळवण्याऐवजी अंधाऱ्या, शांत जागी ठेवून पाहावं. उलट कुरतडणं फक्त तुम्ही बाहेर पडल्यावर, पहिल्या अर्ध्या तासात, दाराच्या चौकटीपाशीच होत असेल, सोबत लाळ गळत असेल आणि रडणं चालू असेल, तर तो दातांचा प्रश्न नाही. ते एकटेपणाचं भय आहे. मोबाइल लावून चित्रीकरण करा आणि ते डॉक्टरांना दाखवा. कुंपणात कोंडल्यानं ते वाढतं.

नजर लागू नये म्हणून पिल्लाच्या गळ्यात काळा दोरा बांधायची पद्धत आहे. या वयात तो चावून गिळला जाऊ शकतो. दोऱ्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकलं की आतडं त्यावर चुणीसारखं गोळा होतं आणि दोरा ते आतून कापतो. हे ऑपरेशनचं प्रकरण आहे. असा दोरा तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसला तर ओढू नका. हिरडी दुखते म्हणून माणसांची वेदनाशामकं, दात येणाऱ्या बाळांची जेलंही नकोत. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना विष आहे.

सात महिने झाले की ओठ उचलून सुळे मोजा. वरचा नवा सुळा दुधाच्या सुळ्याच्या पुढे उगवतो. वाट थोडी बाजूनं गेली की दुधाच्या सुळ्याचं मूळ खाल्लं जात नाही आणि दोन्ही सुळे शेजारी शेजारी उभे राहतात. पॉमेरेनियन, शिट्झू अशा लहान जातींत हे बरंच दिसतं. दोघांच्या फटीत अन्न अडकतं, नवा सुळा वेडावाकडा येतो. हा दात हलवून किंवा पकडीनं घरी काढू नये. त्याचं मूळ लांब आणि ठिसूळ असतं, मोडून आत राहतं. डॉक्टर भूल देऊन, एक्स-रे पाहून काढतात आणि नसबंदी त्याच सुमारास करायची असेल तर एकाच भुलेत दोन्ही उरकतं.