बोलणाऱ्याचा कोंडा खरंच विकतो का?

आधीच्या ऑफिसात आमच्याकडे सेल्सला एक जण होता, फोन घेतला की खुर्चीवरून उठून चकरा मारायचा, समोरचा 'हो' म्हणाला तरी याचं चालूच, शेवटी गिऱ्हाईकच वैतागून म्हणायचं 'विचार करून सांगतो'. शेजारच्या मॅडम मात्र ऐकत बसायच्या, वहीत काहीतरी खरडायच्या आणि मधेच एखादा प्रश्न टाकायच्या. टार्गेट कोणाचं व्हायचं ते सांगायला नको. पण एका ऑफिसवरून नियम थोडाच ठरतो.

बोलणाऱ्याचा कोंडा विकतो आणि न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत अशी आपल्याकडे म्हण आहे, आणि ती तपासल्यासारखंच काम अमेरिकेत व्हार्टन बिझनेस स्कूलमधले मानसशास्त्रज्ञ अ‍ॅडम ग्रँटनी केलं, २०१३ मध्ये छापून आलं. कॉल सेंटरमधले ३४० सेल्सवाले घेतले, कोण किती बोलका हे प्रश्नावलीतून मोजलं आणि मग तीन महिन्यांची विक्री बघितली. एकदम बुजरे आणि एकदम बोलघेवडे जवळपास सारखेच, तासाला साधारण १२० आणि १२५ डॉलर, आणि मधले लोक १५५ च्या आसपास! ग्रँटचं म्हणणं असं की मधल्यांकडे पटवण्यापुरता उत्साह असतो पण ऐकायचे कानही शाबूत असतात.

आता गंमत बघा, बॅरिक आणि माउंट या संशोधकांनी १९९१ मध्ये स्वभाव आणि नोकरीतली कामगिरी यांवरचे ११७ अभ्यास एकत्र केले तेव्हा बोलकेपणा सेल्सला थोडासा उपयोगी दिसला होता. मग खरं कोण? त्यांचं गणित सरळ रेषेचं नातं मोजतं, नातं टेकडीसारखं असेल, म्हणजे मधे उंच आणि दोन्हीकडे उतार, तर त्यात ते नीट दिसतच नाही, त्यामुळे दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

त्या ११७ अभ्यासांत सगळ्या प्रकारच्या नोकऱ्यांत कामी आलेला गुण मात्र एकच, काटेकोरपणा. दिलेलं काम वेळेत करणं, अर्धवट न सोडणं, इतकं साधं. तरी हुरळून जाऊ नका, संबंध ०.२२ च्या आसपासच (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण), म्हणजे माणसामाणसांच्या कामात जो फरक दिसतो त्यातला जेमतेम ५ टक्के यातून कळतो. बाकी सगळं अनुभव, बुद्धी, साहेब कसा आहे, असल्या गोष्टींत.

आणि एवढं असूनही हे बहुतेक मोजतात कसं, तर उमेदवारालाच विचारून. नोकरीच्या फॉर्मवर 'मी कामं वेळेवर पूर्ण करतो' याच्यापुढे ५ पैकी २ वर टिक करणारा मला तरी अजून भेटलेला नाही.