सातारा ते लंडन : महिन्यांचे तास कसे झाले

नातू शिकायला लंडनला निघाला की साताऱ्यातली आजी विचारतेच, "किती तास लागतात रे?" नातू सांगतो, नऊ-दहा. मुंबई ते लंडन सरळ हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. ते कधीच बदललं नाही. तास मात्र सारखे बदलत आले.

या अंतराची खरी झळ साताऱ्याला बसली ती 1839 नंतर. कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला धाडलं. त्यांची कैफियत मांडायला त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते विलायतेला गेले आणि 1853 पर्यंत तिथेच अडकून राहिले. सुएझ कालवा तेव्हा नव्हता. आफ्रिकेला वळसा घातला तर सागरी मार्ग 20 हजार किलोमीटरच्या घरात जाई. दुसरी वाट तांबड्या समुद्रातून सुएझपर्यंत आगबोटीने, पुढे इजिप्त जमिनीवरून ओलांडायचा आणि पलीकडे पुन्हा बोट धरायची. मुंबईत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट 1830 मध्ये पहिल्यांदा याच वाटेने सुएझला गेली होती. तरीही पत्र जाऊन उत्तर यायला महिने लागत. 1847 मध्ये महाराज काशीत वारले, पुढच्या वर्षी राज्य खालसा झालं, आणि वकील मात्र लंडनमध्येच होता. दाद लागली नाही याचं खापर अंतरावर फोडता येणार नाही. नियतच नव्हती. पण दिरंगाईला अंतराची आयती सबब होती.

1869 मध्ये कालवा खुला झाला आणि सागरी मार्ग 11,600 किलोमीटरवर आला.

विमान आलं तेही टप्प्याटप्प्याने. 1929 मध्ये लंडन-कराची टपालसेवा सुरू झाली, तिला आठवडा लागे आणि मध्ये थोडा प्रवास चक्क आगगाडीने व्हायचा. कराचीची टपाल पुढे मुंबईला जुहूच्या धावपट्टीवर आणली जे. आर. डी. टाटांनी, 15 ऑक्टोबर 1932 रोजी, स्वतः विमान चालवत. मुंबई-लंडन भारतीय प्रवासी सेवा मात्र 8 जून 1948 ची. 'मलबार प्रिन्सेस' नावाचं कॉन्स्टेलेशन विमान, 35 प्रवासी, वाटेत कैरो आणि जिनिव्हा. 1960 मध्ये बोइंग 707 आलं, वेग जवळजवळ दुप्पट झाला.

मग आज जाताना जास्त आणि येताना कमी वेळ का? उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. लंडनला जाताना ते तोंडावर येतात, परतताना पाठीवर घेतात. शिवाय आकाशालाही हद्दी आहेत. पृथ्वीच्या गोलावरची सर्वांत जवळची रेघ पाकिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्र आणि युक्रेनवरून जाते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 मध्ये नागरी विमानांना बंद झालं, आणि पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांना वाट नाकारली. तिकिटावरचे तास वाढतात ते अशा वळशांमुळे.

आणि साताऱ्याहून मुंबईचा विमानतळ अडीचशे किलोमीटरच्या आसपास. खंबाटकी घाट, पुण्याची कोंडी, द्रुतगती मार्ग असं करत पाच तास, वर विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचं. आजीला सांगताना हे आठ तास कुणी धरत नाही.