मान्सूनपूर्व तयारी (महाराष्ट्र)

अतिवृष्टी, पूर आणि दरडी यांना तोंड देण्यासाठी महाराष्ट्रातील जिल्हा प्रशासन, महानगरपालिका, नगरपरिषदा आणि ग्रामपंचायती दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर जी कामे हाती घेतात, त्यांना सरकारी भाषेत ‘मान्सूनपूर्व तयारी’ म्हणतात. एप्रिल-मे महिन्यांत जिल्हाधिकारी आढावा बैठक घेतात, १ जूनच्या सुमारास चोवीस तास चालणारे नियंत्रण कक्ष सुरू होतात आणि कर्मचाऱ्यांना ‘मुख्यालय सोडू नये’ असा आदेश निघतो. सर्वसामान्यांना या यंत्रणेचा सर्वांत परिचित आदेश मात्र शाळांच्या सुट्टीचा असतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर महाराष्ट्रात जिल्हावार आपत्ती आराखडे तयार करण्याचे काम सुरू झाले. देशपातळीवरचा आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ सालचा. त्यानुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष असतात. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणे आणि साधने वापरण्याजोगी ठेवणे ही जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकलेली आहे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पुणे जिल्ह्यात तळेगावजवळ सुदुंबरे येथे, तर राज्याच्या दलाच्या तुकड्या धुळे आणि नागपूर येथे आहेत. घाटरस्ते बंद पडले की ही अंतरे फार मोठी ठरतात. म्हणून पहिले काही तास गाव स्वतःच्या बळावरच काढते.

गावपातळीवर ही यंत्रणा सरपंच, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि कोतवाल यांच्यावर चालते. गावच्या आराखड्यात पट्टीचे पोहणारे, जेसीबी आणि ट्रॅक्टरचे मालक, होड्या, तात्पुरत्या निवाऱ्यासाठी शाळा किंवा समाजमंदिर यांच्या नोंदी असतात. यांतले फोन क्रमांक दर वर्षी ताजे केले जातातच असे नाही. त्या मानाने दुर्गम आदिवासी भागातली तयारी कमी बोलली जाते, पण जास्त मुरलेली आहे. गडचिरोलीत पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी चढले की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि हे जवळजवळ दर पावसाळ्यात घडते. अशा गावांसाठी नवसंजीवनी योजनेतून पावसाळ्याआधीच काही महिन्यांचे धान्य पोहोचवले जाते. बाळंतपणाची तारीख जवळ आलेल्या स्त्रियांना आरोग्य केंद्राजवळच्या ‘माहेरघरा’त आणून ठेवतात. संपर्क तुटणार हे गृहीत धरूनच सगळी आखणी होते.

पुराच्या बाबतीत सर्वांत लोकाभिमुख व्यवस्था कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात दिसते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या याच पातळ्या ४० आणि ४५ फूट. हे आकडे तिथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात. ‘किती फूट झालं?’ एवढ्या प्रश्नावर दुकानदार माल माळ्यावर चढवायचा की नाही ते ठरवतो. हवामान खात्याचा जिल्हावार पिवळा, नारिंगी आणि लाल इशारा लोकांना ढोबळ वाटतो. फुटांची भाषा मात्र थेट उंबऱ्याशी जोडलेली असते, कारण कितव्या फुटाला आपल्या गल्लीत पाणी शिरते ते ज्याचे त्याला ठाऊक असते.

ऑगस्ट २०१९ मध्ये मात्र हा हिशेब कोलमडला. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले, राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर. ज्यांच्या घरात पूर्वी कधीच पाणी आले नव्हते ते जुन्या आठवणीच्या भरवशावर थांबले आणि अडकले. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्ट रोजी माणसांनी खचाखच भरलेली नाव उलटून बळी गेले. होडी यादीत असणे आणि तीत किती माणसे बसवायची हे सांगणारा माणूस काठावर असणे यांतले अंतर तिथे कळले. नंतर नेमलेल्या वडनेरे समितीने पुराची कारणमीमांसा केली, तरी कृष्णेवरच्या कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या पाणीसाठ्याने वर पूर फुगतो का, यावरून महाराष्ट्र-कर्नाटक वाद विझलेला नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी धरणाचा प्रश्न आणखी वेगळा. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे तलाव भरताच पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात आणि प्रत्येकातून १,४२८ क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट) पाणी सुटते. विसर्ग केव्हा सुरू करायचा हा निर्णय तिथे माणसाच्या हाती नसतो. हाती असते फक्त काठच्या गावांना वेळेत कळवणे.

पूररेषा हे नियोजनाचे हत्यार. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला परवानगी नाही. प्रत्यक्षात ही रेषा नकाशावर ठळक आणि जागेवर पुसट असते.

मुंबईत तयारीचा अर्थ मुख्यतः पाण्याचा निचरा असा होतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला, तेव्हा कुलाब्यात १०० मिमीही झाला नव्हता. शहराची जुनी पर्जन्यजलवाहिनी व्यवस्था तासाला २५ मिमी पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. ती ५० मिमीपर्यंत वाढवण्याची ब्रिमस्टोवॅड योजना १९९३ पासूनच कागदावर होती. प्रलयानंतर हाजी अली, इर्ला, लव्ह ग्रोव्ह येथे पाणी उपसणारी उदंचन (पंपिंग) केंद्रे आली. भरतीच्या वेळी मोठा पाऊस जुळून आला तर पाणी समुद्रात जात नाही, म्हणून पालिका भरतीचे वेळापत्रक आधीच जाहीर करते. अतिधोकादायक, रिकाम्या करून पाडायच्या इमारतींची ‘सी-१’ यादीही दर वर्षी निघते. नालेसफाई हा या साऱ्यातला सर्वांत वादग्रस्त भाग. मे अखेरीस टक्केवारी जाहीर होते आणि पहिल्याच सरीत तिची परीक्षा होते. मिठी नदीतील गाळउपशाच्या कंत्राटांबाबत तर २०२५ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला.

दरडींच्या बाबतीत तयारी सर्वांत दुबळी आहे. पुराला पातळी असते, दरडीला नसते. डोंगराला नव्या भेगा पडणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे किंवा नव्याच ठिकाणी पाझर फुटणे ही तिची लक्षणे. ती सरकारी कार्यालयातून दिसत नाहीत, गुराख्याला दिसतात. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन या गावांवर दरडी कोसळल्या. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव गाडले जाऊन १५१ जण मृत्युमुखी पडले. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड आली तेव्हा खाली महाड शहरच पाण्यात होते, त्यामुळे मदत दुसऱ्या दिवशी पोहोचली. त्याच दिवशी वाशिष्ठीने चिपळूण बुडवले होते. एकाच विभागातल्या यंत्रणेला एकाच दिवशी हे सारे पेलायचे होते.

अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या पाहणीवरून दरडप्रवण गावांच्या याद्या झाल्या. पावसाचा जोर वाढला की यादीतल्या गावांना स्थलांतराच्या नोटिसा जातात. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या ठाकर वस्तीवर दरड कोसळली. परिसरात तीन दिवसांत ४९९ मिमी पाऊस झाला होता, पण वाडी यादीत नव्हती. वर जायला गाडीरस्ता नसल्याने यंत्रे चढवता आली नाहीत. २७ मृतदेह सापडले. ५७ जण बेपत्ता राहिले आणि चौथ्या दिवशी शोध थांबवण्यात आला.

शेवटचा उपाय पुनर्वसनाचा. माळीणचे नवे गाव २०१७ मध्ये आमडे येथे उभे राहिले. मात्र जमीन, जनावरे आणि दैवत जुन्या जागी असले की माणूस पूर्ण हलत नाही. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीच्या लोकांना पूर्वीच्या पुरानंतर सोनतळीला जागा मिळाल्या. तरी बरीच कुटुंबे आजही जुन्या गावात नांदतात, आणि पंचगंगा चढू लागली की म्हशींची दावी सोडून त्यांच्यासह सोनतळीची वाट धरतात.