फिप्सनचा खापरखवल्या

उत्तर सह्याद्रीत, विशेषतः मुंबई-पुण्यालगतच्या घाटांमधल्या जंगलात मातीखाली राहणारा छोटा बिनविषारी साप. शास्त्रीय नाव युरोपेल्टिस फिप्सनी. खापरखवल्यांचे कुळ भारतीय द्वीपकल्प आणि श्रीलंका सोडून जगात कुठेच आढळत नाही. जी. ई. मेसन यांनी १८८८ मध्ये या जातीचे वर्णन केले. नावातले फिप्सन म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे त्या काळचे मानद सचिव.

लांबी साधारण वीतभर, क्वचित २८ सेंमी.पर्यंत; जाडी जेमतेम सेंटिमीटरभर. अंग तपकिरी, त्यावर उजेडात सप्तरंगी झळाळी. खवल्यांच्या पृष्ठभागावरच्या अतिसूक्ष्म रचनेमुळे ही झळाळी येते आणि त्याच रचनेमुळे ओल्या मातीतून बाहेर आला तरी हा साप स्वच्छ दिसतो. अपवाद शेपटीचा. ती तिरकी छाटल्यासारखी बोथट असते. तिच्या वरच्या सपाट भागावरचे खवले कंगोरेदार असतात आणि त्यांत माती अडकून घट्ट बसते. बिळात शिरलेल्या सापामागे हे मातीचे बूच राहते.

खोदण्याचे काम अंगाचा पुढचा भाग करतो. इथले स्नायू लालभडक, प्राणवायू साठवणारे, न थकणारे. टोकदार तोंड मातीत रुतवल्यावर पाठीचा कणा कातडीच्या आतल्या आत नागमोडी वळतो, अंग फुगते आणि बिळाच्या भिंती दाबल्या जातात. तिथे पाय रोवावा तसा आधार मिळाला, की डोके पुढे सरकते आणि मागचे अंग ओढले जाते. अन्न मुख्यतः गांडुळे. मादी अंडी न घालता पिल्लांना जन्म देते.

याच घाटांत मोठ्या खवल्यांचा खापरखवल्याही असतो. रंगावरून घाईने निर्णय करू नये. भिंगाखाली अंगाच्या मध्यावर खवल्यांच्या ओळी मोजाव्यात. फिप्सनच्या १७ भरतात, मोठ्या खवल्यांच्या १५. पोटाखालचे रुंद खवले मोजणीत धरायचे नाहीत. इथेच बहुतेकांची मोजणी चुकते. गल्लत होते असे आणखी दोन प्राणी आहेत. देवगांडूळ हा तर उभयचर: अंगावर वळ्या, कातडी ओलसर बुळबुळीत. वाळा हा साप सुतळीसारखा बारीक असतो आणि त्याचे पोटाचे खवले पाठीवरच्यांसारखेच दिसतात.

पावसाळ्यात हा साप वरच्या थरात, कुजक्या ओंडक्यांखाली किंवा दगडांखाली सापडतो. उन्हाळ्यात खोल जातो. जोराच्या पावसात रस्त्यावर येतो आणि गाडीखाली चिरडतो. जाड शेपटीला डोके समजून, ‘दुतोंड्या’ म्हणून लोक मारतात ते वेगळेच. खरे तर हातात घेतला तरी तो चावत नाही, बोटांच्या फटीत डोके खुपसून वाट शोधतो. खोदकामात निघाला तर शेपटीने उचलू नये. मातीसकट ओंजळीत घेऊन जवळच सावलीतल्या ओल्या पालापाचोळ्याखाली सोडावा. कोरड्या डब्यात किंवा उन्हात ठेवल्यास तो फार वेळ तग धरत नाही.