नॅशनल ऑनर सोसायटी : सदस्यत्वाची पूर्वतयारी

नॅशनल ऑनर सोसायटी ही अमेरिकेतील हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली देशव्यापी गुणगौरव संस्था आहे. अभ्यासातील प्रावीण्य, समाजसेवा, नेतृत्व आणि चारित्र्य या चार कसोट्यांवर उतरणाऱ्या दहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना तिचे सदस्यत्व दिले जाते. त्यासाठी कोणतीही परीक्षा नसते आणि केवळ शुल्क भरून ते मिळवताही येत नाही. विद्यार्थी ज्या शाळेत शिकतो त्याच शाळेतील शिक्षकांच्या समितीने त्याची निवड करावी लागते. त्यामुळे या सदस्यत्वाची तयारी नववीत पाऊल ठेवल्यापासून दोन-अडीच वर्षे चालते, आणि तिच्यात विद्यार्थ्याइतकाच शाळेचा समुपदेशक, संस्थेच्या शाखेचे काम पाहणारा सल्लागार शिक्षक आणि पालक यांचाही वाटा असतो.

अमेरिकेत गुणवंत विद्यार्थ्यांच्या मंडळांची परंपरा महाविद्यालयांत सुरू झाली. १७७६ मध्ये व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी कॉलेजात स्थापन झालेली फाय बीटा कॅपा ही तिचा मूळ स्रोत मानली जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी शालेय पातळीवरही असे प्रयत्न झाले. १९०६ मधील कम लॉड सोसायटी हा त्यांपैकी एक. मात्र हे प्रयत्न मोजक्या शाळांपुरते राहिले होते. सार्वजनिक हायस्कुलांना सामावून घेणारी देशव्यापी संस्था १९२१ मध्ये माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने सुरू केली. तिची पहिली शाखा पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्गच्या फिफ्थ अॅव्हेन्यू हायस्कूलमध्ये निघाली आणि त्या शाळेचे मुख्याध्यापक एडवर्ड रायनीअर्सन यांना संस्थापकाचा मान दिला जातो. कमानीच्या माथ्यावरचा मधला दगड आणि पेटती मशाल हे संस्थेचे बोधचिन्ह आहे. हायस्कूलखालोखालच्या वर्गांसाठी १९२९ मध्ये नॅशनल ज्युनिअर ऑनर सोसायटी आणि प्राथमिक वर्गांसाठी २००८ मध्ये स्वतंत्र संस्था सुरू झाली. आज देशातील सर्व राज्यांत आणि परदेशातील अनेक अमेरिकी शाळांत नॅशनल ऑनर सोसायटीच्या शाखा आहेत.

या संस्थेपेक्षा वेगळ्या पद्धतीने चालणाऱ्या संस्थाही आहेत. कॅलिफोर्नियातील शाळांमधील कॅलिफोर्निया स्कॉलरशिप फेडरेशन ही संस्थाही १९२१ चीच. तिथे विद्यार्थी प्रत्येक सत्रातील श्रेणींच्या आधारे स्वतः अर्ज करतो. १९५७ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठात निघालेल्या म्यू अल्फा थीटाचा रोख केवळ गणितावर आहे. चारित्र्य आणि सेवा यांना गुणांच्या बरोबरीचे स्थान देणारी आणि त्यांचे मोजमाप शिक्षकांच्या विवेकावर सोपवणारी पद्धत हे नॅशनल ऑनर सोसायटीचे वैशिष्ट्य आहे, आणि पूर्वतयारीचे सगळे प्रश्न त्यातूनच निर्माण होतात.

गुणांची अट आणि नववीचे वर्ष

संस्थेच्या राष्ट्रीय घटनेनुसार उमेदवाराची एकत्रित श्रेणी-सरासरी, म्हणजे रूढ भाषेत जीपीए, ४ पैकी किमान ३ असावी लागते. टक्केवारी देणाऱ्या शाळांत हीच अट ८५ टक्के अशी आहे. शिवाय विद्यार्थ्याने त्या शाळेत किमान एक सत्र पूर्ण केलेले असावे लागते. ही किमान मर्यादा वाढवण्याचा अधिकार प्रत्येक शाखेला आहे आणि अनेक शाखा ती ३.५ किंवा त्याहूनही वर ठेवतात. एकदा ठरलेली अट मात्र सर्व उमेदवारांना सारखीच लागू करावी लागते.

सरासरी एकत्रित असल्यामुळे नववीचे गुण कधीच मागे पडत नाहीत, ही बाब नव्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना आरंभीच समजावून सांगणे हा पूर्वतयारीचा सर्वांत उपयोगी भाग आहे. ए श्रेणीला ४, बीला ३ आणि सीला २ गुण धरले, तर नववीत सहा विषयांपैकी दोन विषयांत बी आणि चार विषयांत सी मिळवणाऱ्या विद्यार्थ्याची बेरीज १४ होते आणि सरासरी २.३३ वर राहते. दहावीत त्याने चार ए आणि दोन बी मिळवले, म्हणजे २२ गुणांची भर घातली, तर बारा विषयांची बेरीज ३६ होऊन सरासरी नेमकी ३ वर पोहोचते आणि राष्ट्रीय अट पूर्ण होते. परंतु त्याच्या शाळेची मर्यादा ३.५ असेल, तर पुढची दोन्ही वर्षे सर्व विषयांत ए मिळवूनही अकरावीच्या अखेरीस अठरा विषयांची बेरीज ६२ आणि सरासरी ३.४४ होते; दार अकरावी संपेपर्यंत बंदच राहते. प्रगत अभ्यासक्रमांना जास्तीचा भार देऊन सरासरी काढण्याची पद्धत काही शाळांत आहे, तिथे हा हिशेब बदलतो. म्हणून आपल्या शाखेची मर्यादा किती आणि ती भारित सरासरीवर आहे की साध्या, हे दोन प्रश्न विद्यार्थ्याने समुपदेशकाला नववीच्या पहिल्या सत्रातच विचारायला हवेत. अकरावीत चौकशी करणाऱ्या मुलाला उत्तर मिळते, पण वेळ हातात उरलेला नसतो.

गुणांची अट पूर्ण करणारा विद्यार्थी केवळ विचारास पात्र ठरतो. निवड हा त्याचा हक्क होत नाही, असे अमेरिकी न्यायालयांनीही सामान्यतः मानले आहे.

सेवा, नेतृत्व आणि चारित्र्य

सेवा म्हणजे शाळेसाठी किंवा समाजासाठी कोणत्याही मोबदल्याशिवाय, स्वेच्छेने केलेले काम. किती तास सेवा करावी याचा राष्ट्रीय आकडा नाही. तो शाखा ठरवते. अन्नपेढीत धान्याचे खोके भरणे, सार्वजनिक ग्रंथालयात लहान मुलांना वाचून दाखवणे, वृद्धाश्रमात नियमित जाणे, शाळेतल्या कच्च्या विद्यार्थ्यांची शिकवणी घेणे ही नेहमीची उदाहरणे. अमेरिकेत वाढणारी अनेक मराठी मुले शनिवार-रविवारी भरणाऱ्या मराठी शाळांत धाकट्या मुलांना अक्षरे गिरवायला मदत करतात किंवा महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात व्यवस्था सांभाळतात. हे कामही विनामोबदला आणि जबाबदार प्रौढ व्यक्तीच्या देखरेखीखाली झाले असेल तर सेवा म्हणून नोंदवण्याजोगे असते, मात्र ते धरायचे की नाही हे शाखेच्या नियमांवर अवलंबून असल्याने सल्लागार शिक्षकाकडून आधी खात्री करून घ्यावी लागते. तास ज्या दिवशी भरले त्याच दिवशी वहीत तारीख, काम आणि देखरेख करणाऱ्याची सही यांची नोंद करण्याची सवय शाळा मुलांना लावतात. दोन वर्षांनंतर सह्या गोळा करत फिरणे कठीण असते, कारण तोपर्यंत संबंधित स्वयंसेवक, प्रशिक्षक किंवा शिक्षक दुसरीकडे गेलेले असतात.

नेतृत्वाच्या बाबतीत विद्यार्थी सर्वाधिक चुकतात. वर्गाचा अध्यक्ष किंवा संघाचा कर्णधार असणे म्हणजेच नेतृत्व, असा समज रूढ आहे, पण प्रत्येक शाळेत अशी पदे मोजकीच असतात. संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत पदाबरोबरच पुढाकार, जबाबदारी पार पाडण्याची तयारी आणि इतरांना सोबत घेण्याची हातोटी यांचाही विचार आहे. वाद्यवृंदात नव्याने आलेल्या मुलांना शिकवणारी, प्रयोगशाळेत गटाचे काम नीट वाटून देणारी किंवा शाळेत नसलेले मंडळ चार मैत्रिणींना घेऊन सुरू करणारी विद्यार्थिनी हीदेखील नेतृत्वच करत असते. उमेदवाराने ते नेमक्या शब्दांत मांडायला हवे.

चारित्र्य तपासताना विश्वासार्हता, आदर, जबाबदारी, न्यायबुद्धी, आपुलकी आणि नागरिकत्व हे सहा गुण पाहिले जातात. गृहपाठात नक्कल केल्याची, परीक्षेत गैरप्रकार केल्याची किंवा शिस्तभंगाची शाळेच्या दप्तरी असलेली नोंद इथे आड येऊ शकते. एखाद्या शिक्षकाला विद्यार्थी आवडत नाही, एवढ्यावर त्याला नाकारणे मात्र संस्थेच्या पद्धतीला धरून नाही. आक्षेपाला नोंदींचा किंवा प्रत्यक्ष पाहिलेल्या वर्तनाचा आधार असावा लागतो. चारित्र्याची तयारी स्वतंत्रपणे करवून घेता येत नाही, आणि शाळांनी तसा आव आणूही नये. मुलांना नियम आणि त्यांचे परिणाम आधी सांगणे, आणि चूक घडल्यास ती कबूल करून सुधारण्याची वाट दाखवणे एवढेच शाळेच्या हाती असते आणि तेवढे तिने मनापासून केले पाहिजे.

चारित्र्याच्या नावाखाली भेदभावाला वाट मिळू शकते, हे १९९८ मध्ये केंटकी राज्यातील ग्रँट काउंटीच्या प्रकरणात स्पष्ट झाले. गुणांची अट पूर्ण करणाऱ्या दोन विद्यार्थिनींना गर्भारपण आणि मातृत्व यांमुळे सदस्यत्व नाकारण्यात आले होते. शिक्षणात लिंगावरून भेदभाव करण्यास बंदी घालणाऱ्या १९७२ च्या कायद्याच्या आधारे त्या न्यायालयात गेल्या आणि संघराज्यीय न्यायालयाने त्यांना प्रवेश देण्याचा आदेश दिला. लग्नाआधी शरीरसंबंध ठेवलेल्या मुलग्यांना त्याबद्दल कोणी विचारत नाही आणि मुलींचे मात्र शरीरच पुरावा ठरते, ही विषमता त्या खटल्याच्या मुळाशी होती. निवड करणाऱ्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात हे प्रकरण आवर्जून समाविष्ट करावे इतके ते महत्त्वाचे आहे.

माहितीपत्रक आणि निवड

निवडीची वेळ आली की गुणांची अट पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्यांची यादी काढून त्यांना कळवले जाते आणि उपक्रमांचे माहितीपत्रक भरायला दिले जाते. त्यात नववीपासूनचे उपक्रम, सेवा, पदे, पुरस्कार आणि प्रत्येक नोंदीपुढे जबाबदार प्रौढाची सही असते. काही शाखा लहानसा निबंधही मागतात. माहितीपत्रक भरण्याचा सराव अनेक शाळांत समुपदेशक करून घेतात. ‘ग्रंथालयात मदत केली’ एवढेच लिहिले तर समितीला काहीच कळत नाही. ‘दहावीच्या दुसऱ्या सत्रात दर शनिवारी दोन तास शहराच्या ग्रंथालयात पहिली-दुसरीच्या मुलांची वाचनाची शिकवणी घेतली’ असे लिहिले की काम, कालावधी आणि सातत्य तिन्ही दिसतात. अतिशयोक्ती टाळण्याची ताकीदही इथेच द्यावी लागते, कारण न केलेल्या कामाची नोंद उघडकीस आली तर ती चारित्र्याच्या कसोटीवरच नापास करते. मुदतीनंतर आलेले माहितीपत्रक बहुतेक शाखा स्वीकारत नाहीत.

निवड करणारी समिती मुख्याध्यापकांनी नेमलेल्या पाच शिक्षकांची असते. सल्लागार शिक्षक बैठकीला हजर राहतो, पण त्याला मत नसते. मुख्याध्यापक स्वतः समितीत बसत नाहीत. इतर शिक्षकांचे अभिप्राय मागवता येतात, परंतु ते केवळ माहितीसाठी असतात आणि निर्णय पाच जणांच्या बहुमताने होतो. निवड न झालेल्या विद्यार्थ्याला आणि त्याच्या पालकांना सल्लागार शिक्षकाकडे व नंतर मुख्याध्यापकांकडे दाद मागता येते. राष्ट्रीय कार्यालय मात्र शाळेचा निर्णय फिरवत नाही. म्हणूनच निवडीचे निकष शाळेच्या विद्यार्थी-पुस्तिकेत आधीपासून छापलेले असणे अत्यावश्यक आहे. ज्या शाळेत ते फक्त शिक्षकांना ठाऊक असतात, तिथे घरी कोणी महाविद्यालयात न गेलेल्या किंवा देशात नव्याने आलेल्या कुटुंबातील मुलांचे थेट नुकसान होते.

महाराष्ट्रातून गेलेल्या पालकांना ही पद्धत सुरुवातीला अपरिचित वाटते. शिष्यवृत्ती किंवा प्रज्ञाशोध परीक्षेत प्रश्नपत्रिका, गुण आणि यादी असा सरळ मार्ग असतो. इथे शिक्षकांचे मत निर्णायक असते आणि गुणवान मुलगाही मागे राहू शकतो. शाळा सुटल्यावर धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या किंवा दुकानात काम करून घराला हातभार लावणाऱ्या मुलांकडे सेवेचे तास कमी असतात, ही या पद्धतीची खरी उणीव आहे. घरच्या जबाबदाऱ्या माहितीपत्रकात लिहिण्यास जागा देणारी आणि समितीला त्यांचे वजन समजावून सांगणारी शाळा ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढते.

महाविद्यालयीन प्रवेशात या सदस्यत्वाचे महत्त्व अनेकदा वाढवून सांगितले जाते. देशभरातील असंख्य शाळांत शाखा असल्यामुळे केवळ सदस्यत्वाने अर्ज उठून दिसत नाही. शेकडो महाविद्यालये स्वीकारत असलेल्या कॉमन अॅप या सामायिक अर्जात सन्मानांसाठी पाच जागा असतात आणि त्यांपैकी एक याने भरते इतकेच. सदस्य होण्यासाठी जे काम केले त्याला प्रवेश अधिकारी जास्त महत्त्व देतात. बारावीतील सदस्यांसाठी संस्था १९४६ पासून शिष्यवृत्त्याही देते.

सदस्यत्व मिळाल्यानंतर

दीक्षासमारंभ बहुधा शाळेच्या सभागृहात, पालकांच्या उपस्थितीत होतो. चार कसोट्यांच्या चार मेणबत्त्या जुने सदस्य पेटवतात, प्रत्येकीबरोबर त्या कसोटीविषयी थोडे बोलतात आणि मग नवे सदस्य एकत्र शपथ घेतात. पुढे शाखेच्या बैठकांना हजर राहणे, शाखेच्या सामूहिक सेवाप्रकल्पात भाग घेणे, स्वतःची सेवा चालू ठेवणे आणि निवडीच्या वेळची सरासरी टिकवणे ही जबाबदारी असते. सरासरी घसरली किंवा कर्तव्यात कसूर झाली तर लेखी सूचना देऊन सुधारण्यास मुदत दिली जाते. गंभीर गैरवर्तनात हा टप्पा वगळता येतो, पण सदस्यत्व काढून घेण्याआधी समितीपुढे बाजू मांडण्याची संधी द्यावीच लागते. काढून टाकलेल्या किंवा राजीनामा दिलेल्या सदस्याला पुन्हा प्रवेश मिळत नाही. शाळा बदलणाऱ्या सदस्याला मात्र नव्या शाळेच्या शाखेत आपोआप सामावून घेतले जाते आणि तिथली गुणमर्यादा जास्त असल्यास ती गाठण्यासाठी एक सत्राचा अवधी मिळतो.