आघातोत्तर भावनिक चढउतार

जीवघेणा अपघात, हिंसा, लैंगिक अत्याचार, युद्ध अशा प्रसंगातून गेलेल्या व्यक्तीची मनःस्थिती काही क्षणांत या टोकाकडून त्या टोकाला जाणे. आघातोत्तर ताणविकारात (पीटीएसडी) हे प्रकर्षाने आढळते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत या विकाराची नोंद १९८० साली झाली. लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकली तरच हे निदान होते.

दार धाडकन आपटते. बाकीचे दचकतात आणि पुन्हा बोलू लागतात. आघातग्रस्त व्यक्तीची मात्र छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो, जबडा आवळला जातो आणि ती समोरच्यावर खेकसते. वरकरणी राग दिसला तरी तळाशी बहुधा भीती असते. मेंदूतील अमिग्डाला धोक्याची वर्दी देते. तिला आवर घालणारा कपाळामागचा भाग कमी पडतो, आणि हा आवाज आजचा, तो प्रसंग तेव्हाचा, हा फरक त्या क्षणी पुसला जातो.

दुसरे टोक बधिरतेचे. तासाभराने तीच व्यक्ती एका जागी नजर लावून बसते, हाक मारली तरी ओ देत नाही. घरच्यांना वाटते, चला, शांत झाली. ही गफलत फार महागात पडते, कारण बधिरता म्हणजे शांतता नव्हे; भावना झेपेनाशी झाल्यावर मनाने ओढून घेतलेले ते दार असते.

हे चढउतार द्विध्रुवीय (बायपोलर) विकाराचे, म्हणजे उन्माद आणि खिन्नता आलटून-पालटून येणाऱ्या आजाराचे, समजले जाण्याचा धोका असतो. त्यातील उन्मादाचा (अति उत्साहाचा) झटका साधारणपणे किमान ७ दिवस, सौम्य उन्माद किमान ४ दिवस टिकतो. आघातातले बदल बहुधा मिनिटांत-तासांत होतात आणि त्यांच्या आधी एखादा आवाज, वास, स्पर्श किंवा तारीख सापडते. म्हणून वेळ, लगतपूर्वी काय घडले, शरीरात काय जाणवले आणि ते किती वेळ टिकले, हे लिहून ठेवणे निदानाला फार उपयोगी पडते. दोन्ही विकार एकत्रही असू शकतात.

तात्पुरता उपाय टोक पाहून निवडावा. धडधड वाढली असेल तर ४ अंक मोजत श्वास घ्यावा, ६ मोजत सोडावा. बधिरतेत डोळे मिटून बसल्याने माणूस आणखी आत ओढला जाऊ शकतो. तेव्हा डोळे उघडे ठेवून तळपाय जमिनीवर दाबावेत, गार पाण्याने हात धुवावेत, समोरच्या वस्तूंची नावे मोठ्याने घ्यावीत. मागून येऊन किंवा न विचारता अंगाला हात लावू नये.

आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळल्या की लगेच बरे वाटते, पण भीती पक्की होते. उपचारांत नेमकी हीच गाठ सोडवली जाते: आघातकेंद्रित बोधात्मक उपचारांची (आघाताविषयीचे विचार तपासून बदलण्याची) साधारण १२ सत्रे किंवा दीर्घ सामोरेपणाची (टाळलेल्या आठवणींना हळूहळू सामोरे जाण्याची) ८ ते १५ सत्रे. सुरुवातीला चढउतार काही काळ वाढू शकतात, हे रुग्णाला आधीच सांगायला हवे. नाहीतर तो नेमका तिथेच उपचार सोडतो. सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन ही नैराश्यावरची औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने दिली जातात. बेंझोडायझेपाइन गटातील (चिंता शमवणाऱ्या, झोप आणणाऱ्या) गोळ्या तेवढ्यापुरता आराम देतात, पण सवय लावतात; या विकारावर त्या सुचवल्या जात नाहीत.