जॉन प्राइन (अल्बम, 1971)

अमेरिकन गायक-गीतकार जॉन प्राइन (1946–2020) याचा पहिला स्टुडिओ अल्बम. नावही त्याचंच. अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीने 1971 मध्ये काढला, निर्माता आरिफ मार्डिन, एकूण 13 गाणी. बाज कंट्री-फोकचा, म्हणजे अमेरिकन ग्रामीण आणि लोकसंगीताचा. शिकागोजवळच्या मेवुडचा प्राइन पोस्टमन होता आणि टपाल वाटता वाटता डोक्यात गाणी रचायचा. पुढे चित्रपट समीक्षक म्हणून गाजलेल्या रॉजर ईबर्टने 1970 मध्ये त्याच्याबद्दल पेपरात लिहिलं, मग स्टीव्ह गुडमन या मित्रामुळे गायक-गीतकार क्रिस क्रिस्टोफरसनने त्याला ऐकलं आणि तिथून करारापर्यंत गोष्ट फार पटकन गेली.

रेकॉर्डिंग जवळपास सगळं मेम्फिसच्या अमेरिकन साउंड स्टुडिओत, तिथल्याच वादकांना घेऊन झालं. 'पॅराडाइस' हे एकच गाणं न्यूयॉर्कचं, त्यात गुडमन आणि प्राइनचा भाऊ डेव्ह आहेत, म्हणून त्याचा आवाज बाकीच्यांपेक्षा घरगुती वाटतो.

याच गाण्यावरून वाद आहे. पॅराडाइस हे केंटकी राज्यातल्या म्यूलनबर्ग काउंटीतलं, ग्रीन नदीकाठचं गाव, प्राइनचे आई-वडील त्याच भागातले. गाणं म्हणतं की पीबॉडी या खाण कंपनीच्या कोळसागाडीने गाव उचलून नेलं. कंपनीने हे साफ नाकारलं, आणि कागदोपत्री बघितलं तर तिचं म्हणणं अगदीच चूक नाही, कारण 1967 च्या सुमारास घरं विकत घेऊन गाव पाडलं ते टीव्हीए या सरकारी वीज महामंडळाने, शेजारच्या औष्णिक केंद्राची राख गावावर पडत होती म्हणून. पण त्या केंद्रात जळणारा कोळसा पीबॉडीच्याच उघड्या खाणीतून यायचा आणि गाण्यातलं ते जगातलं सगळ्यात मोठं फावडं, म्हणजे 1962 चं अवाढव्य खोदयंत्र, तेही तिथंच चालायचं. त्यामुळे गाण्याचा तपशील ढिला असला तरी रोख बरोबर आहे, हेच मत जास्त पटतं.

प्राइनने हे गाणं वडिलांसाठी लिहिलं. रेकॉर्ड बाजारात यायच्या आधी तो टेप मशीन उसनं घेऊन घरी गेला, गाणं सुरू झालं तसे वडील उठून पलीकडच्या खोलीत अंधारात जाऊन बसले, का म्हणून विचारलं तर म्हणाले, ज्यूकबॉक्सवर (नाणं टाकून गाणं लावायचं यंत्र) लागलंय असं वाटावं म्हणून. अल्बम निघायच्या आधीच ते वारले.

बाकी गाण्यांत 'सॅम स्टोन' (युद्धावरून व्यसन घेऊन परतलेला सैनिक) आणि 'हॅलो इन देअर' (एकटे पडलेले म्हातारे नवरा-बायको) ही सगळ्यात जास्त नावाजली गेली. विशीतल्या पोराला म्हातारपण इतकं कळावं याचं नवल आजही वाटतं. 'एंजल फ्रॉम माँटगोमरी' 1974 मध्ये गायिका बॉनी रेटने गायलं आणि बऱ्याच जणांना ते तिचंच वाटतं. कव्हरवर प्राइन गवताच्या गठ्ठ्यावर बसलाय, खरं तर तो शहराजवळ वाढलेला.

पॅराडाइसच्या केंद्रातलं कोळशावरचं शेवटचं युनिट 2020 च्या सुरुवातीला बंद पडलं. त्याच एप्रिलमध्ये प्राइन कोविडने गेला. त्याच्या अस्थींचा काही भाग ग्रीन नदीत सोडला, गाण्यात त्याने सांगून ठेवलं होतं तसाच.